मधलं वाक्य

नवा जालना,
मार्गशीर्ष

प्रिय रजनी,

तुझं पत्र उषाबाईंनी तीनदा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा माझा गोंधळ वाढला. उषाबाई म्हणजे शेजारच्या स्टेशनबाबूंची बायको. हे पत्रही त्याच लिहून राह्यल्या. बजावलंय त्यांना, मी बोलते तसंच उतरवायचं, आवरतं घ्यायचं न्हाई. मागच्या पत्रात मी पापडांपासून तुझ्या बापाच्या खोकल्यापर्यंत सगळं सांगितलं, तर या बाईनं लिहिलं, 'सर्व खुशाल.' तुमच्या कॉलेजात हिला पहिला नंबर द्यायला पाहिजे.

तर तुझ्या निबंधावर तुमच्या बाईंनी लाल शाईनं लिहिलंय, शब्द कमी करा. खाली लगेच लिहिलंय, वाक्यं जोडणारे शब्द घाला. आता कमी करायचे का घालायचे, हे बराबर ठरवा म्हणावं. तू 'कारण', 'म्हणून', 'तरीही' अशी यादीच पाठवलीस. उषाबाई समजावतात की रुळाला रूळ सांधतात तसे हे शब्द. मी म्हटलं, माझ्याजवळ सांधा एकच, 'आन् मंग', आणि साठ वर्षं माझी गाडी त्याच्यावरच चालली.

इकडं तुझ्या पत्रानं सगळ्यांची त्रेधा. निबंध वर्गात वाचला, मोगलाईतल्या पोरीचं मराठी म्हणून पुण्याच्या पोरी हसल्या, महिनाअखेर दुरुस्त करून दिला न्हाई तर परीक्षेला बसू देणार न्हाईत, त्यापेक्षा मी घरीच येते, असं तू लिहिलंस. तुझा बाप स्टेशनावर जाऊन गाडीची वेळ विचारून आला. तुझी आई डोळे पुसत तुझं अंथरूण उन्हात घालून राह्यली. ये म्हणावं का नको म्हणावं, घरात कुणाला काही सुचेना. 

निबंध आपल्या भागातल्या बायकांच्या शिक्षणावरचा, आणि त्यात तू मला बसवलंस. 'पंतोजी आजीला शिकवायला तयार होते. आजी शिकली नाही.' या दोन वाक्यांच्या मधे बाईंनी विचारलंय, का? आणि पुढं तू जुन्या चालीरीतींना तीन पानं बोल लावलास, त्याच्यावर काट मारलीय. तू मला विचारतेस, आजी, इथं 'पण' घालू का 'तरीही'? पोरी, तिथं शब्द न्हाई गळाला, अख्खं वाक्य गळालंय. तुझ्याकडून न्हाई, माझ्याकडून. दिवाळीत तू वही घेऊन समोर बसलीस तेव्हा मी इथवर आले आणि मंग लिंबाच्या लोणच्यावर घसरले. तुला वाटलं, म्हातारी विसरली. मी काहीच विसरले न्हवते. तुझी ती तीन पानं माझ्या लोणच्यातून निघालीत.

शहागडला माहेरी आमच्या ओसरीवर पंतोजी माझ्या भावाला, गिरिधरदादाला शिकवायला यायचे. मी दाराआड तूर निवडत बसायची. त्याच्या डोक्यात काही राहायचं न्हाई आणि माझ्या डोक्यातून काही जायचं न्हाई. मंग रोज सकाळी मी त्याच्याकडून धडा पाठ करून घ्यायची. तो पुस्तक धरून तेच म्हणायचा. अक्षर ना त्यानं ओळखलं, ना मी. वर्षभर बिनबोभाट चाललं. एकदा मामा आल्ते, तेव्हा वडिलांनी दादाला वाचायला बसवलं. दादानं घडाघड धडा म्हटला. पुस्तक उलटं धरलं होतं. पंतोजी हसले, मामा हसले, वडीलही हसले. आणि दाराआडून सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. दादानं फक्त दाराकडं पाह्यलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यादेखत नावेत बसून गोदावरीपल्याड गेला. अकरा वर्षांचा होता. पुन्हा दिसला न्हाई.

पुढं वडील माझ्यासाठी पाटी घेऊन आले. पंतोजी म्हणाले, खरी हुशार तर ही. मी ती पाटी फळीवर पालथी ठेवली. लोक म्हणाले, मुलीची जात, भ्याली. मी म्हणू दिलं. तुझ्या आजोबांनाही तेच सांगितलं.

एवढं सांगायलाच हे पत्र, बाकीचं पुन्हा लोणचंच. तुझी तीन पानं खुशाल काढून टाक आणि त्या जागी लिही, 'आजी भावाला हसली, म्हणून शिकली नाही.' बघ, शब्दही कमी झाले आणि सांधाही बसला. तुझ्या बाईंना आता का म्हणून विचारायचं राहणार न्हाई. पण तू उठून यायचं न्हाई, पोरी. हसले म्हणून एक जण पुस्तक टाकून गेला, त्याला थांब म्हणायला माझ्या तोंडून शब्द फुटला न्हवता. तो शब्द आज उषाबाईंच्या हातून लिहून पाठवते. थांब. तुझ्या आईला अंथरूण घडी घालायला सांगितलंय.

तुझीच,
दाराआडची आजी