टाटेचा टिळा आणि सेतीची दोन पिल्लं

लिहून ठेवतो मी, दिलबीर घर्ती, वय चोवीस, मूळ राहणार रुकुमचा वरचा डोंगर, हल्ली मुक्काम भक्तपूर, काम कुत्री धरणे. डोकं ठिकाणावर आहे. ताप आहे, पण बोललेलं कळतं. कुणी धाक घातलेला नाही. दारू प्यालेलो नाही, पाणीही प्यालेलो नाही. मी पाचवीपर्यंत शिकलो, म्हणून सुरुवातीचे कायद्याचे शब्द डॉक्टर निर्जला तुलाधर यांनी सांगितले. त्या माणसांच्या नव्हे, जनावरांच्या डॉक्टर, कुत्री पिसाळू नयेत म्हणून लस टोचणाऱ्या आमच्या तुकडीच्या मुख्य. पुढचं सगळं माझं.

कलम पहिले. रुकुममधली माझ्या वाटणीची मक्याची जमीन आणि पतपेढीत जे असेल ते आई जुनमती घर्ती हिला. जमीन मोठा भाऊ ओमबीर याने कसावी, आईच्या हयातीत विकू नये. ओमबीर म्हणायचा, "तुझ्या बुडाखाली विंचू आहे, तू कुठंच टिकायचा नाहीस." वीटभट्टी सोडली, ओझी वाहणं सोडलं, हॉटेल सोडलं, हे खरं. कुत्र्यांच्या कामावर दोन वर्षं टिकलो. हे त्याला सांगावं.

कलम दुसरे. प्रेत गावी नेऊ नये. दोन दिवस गाडी, वर एक दिवस पायी. इथंच जाळावं. आईला फक्त ताप होता म्हणून सांगावं. माझा काका असाच, कुत्रं चावून गेला. झांक्रीने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, त्याच्यावर राख फुंकली होती. मी सात वर्षांचा होतो, दाराच्या फटीतून सगळं पाहिलं. म्हणून मला इथल्या रुग्णालयातल्या लोकांना पुढचं काही विचारावं लागत नाही.

कलम तिसरे, दोष कुणाचा. आम्हां धरणाऱ्यांनाही कामाआधी तीन सुया घ्याव्या लागतात. पहिली घेतली. दुसरीच्या दिवशी मी पासपोर्टच्या रांगेत होतो, मलेशियाला जायचं डोक्यात आलं होतं. रांग हलली नाही. नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "झाल्या सगळ्या" म्हणालो. डॉक्टरांचा यात दोष नाही.

आता टाटे. टाटे म्हणजे हेरामाया दिदीच्या चहाच्या दुकानाचं ठिपक्याठिपक्याचं कुत्रं. आमची पद्धत अशी, की मी जाळं टाकून कुत्रं धरतो, डॉक्टर टोचतात, आणि तेच पुन्हा धरू नये म्हणून मी त्याच्या कपाळाला लाल रंग फासतो. तिहारच्या, म्हणजे आमच्या दिवाळीच्या, पहिल्या दिवशी दिदीची अर्धी गल्ली टोचून झाली. दुसरा दिवस कुत्र्यांच्या पूजेचा, सुट्टी. दिदीने सबंध गल्लीच्या कुत्र्यांना झेंडूच्या माळा घातल्या, शेल-रोटी चारली आणि कपाळाला तेलात कालवलेला लाल टिळा लावला. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजा होती, पण बर्फातली लस थांबत नाही, म्हणून आम्ही गेलो. दिसेल त्या कुत्र्याचं कपाळ लाल. पुढं चालणारा मी. मीच ओरडलो, "ही गल्ली झालीय, पुढं चला." डॉक्टर मागे होत्या, गाडी चालवणारा पुर्ने गाडीत होता. रंग कोणता आणि टिळा कोणता, हे माझ्याशिवाय बघणारं कुणी नव्हतं. मी बघितलं नाही.

वीस दिवसांनी टाटे खाईना, पाण्याकडे बघून मागे सरायला लागलं, तोंडातून लाळ. दिदी म्हणाली, "हाड अडकलंय बघ घशात. बाबू, तू जबडा धर." मी धरला, तिने हात घातला. हाड नव्हतं. माझ्या डाव्या तळव्यात दात गेले, तिची दोन बोटं खरचटली. मी म्हणालो, "घाबरू नको दिदी, याला लस आहे." तिसऱ्या दिवशी टाटे मेलं. आम्ही नदीकाठी पुरलं. दिदी रडली. मी जखमेला हळद लावली.

गेल्या आठवड्यात तळव्यात मुंग्या आल्या. मग मी टोचलेल्या कुत्र्यांच्या वहीत टाटेचं नाव शोधलं. नाही.

त्या दिवशी सुटलेली आठ कुत्री डॉक्टरांनी काल जाऊन टोचली. इथून पुढे तुकडीने निळा रंग वापरावा आणि वहीत नाव नसेल तर कपाळावर विश्वास ठेवू नये. हे विनंती म्हणून नव्हे, कलम म्हणून लिहिलं आहे.

कलम चौथे. माझं जाळं, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि गमबूट माझ्या जागी येईल त्याला. त्याच्या तिन्ही सुयांचा कागद बघूनच द्यावेत. तोंडी "झाल्या" चालणार नाही. मोबाइल पुर्ने तामांग, गाडीचालक, याला. त्याने माझी चप्पल नेली होती, ती माफ.

कलम पाचवे, आणि मुख्य. माझी कुत्री सेती आणि तिची दोन पिल्लं. सेतीला लस मी स्वतः धरून टोचून घेतली आहे, कागद उशाखाली आहे. ही तिन्ही हेरामाया सुवाल हिला, पण अट आहे. तिने स्वतः सगळ्या सुया घ्याव्यात. न घेतल्यास तिन्ही पुर्ने तामांगला.

ही अट का, ते लिहितो. परवा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय झालंय? बोटं कधीच भरली. सुया तुम्ही कुत्र्यांना टोचा, मला कशाला टोचता? त्याला टिळा मी लावला, तीन दिवसांनी भावांच्या दिवशी तुला पण मीच लावला. माझ्या हातचं वाईट होत नसतं." डॉक्टरांनी तिला समजावलं, बोटं भरली तरी वेळ गेलेली नाही, आज सुरू केलं तर वाचाल. ती दुकान उघडं आहे म्हणून निघून गेली.

आज सकाळी ती थर्मास घेऊन आली. मी पाचवं कलम तिला वाचून दाखवलं.

"पुर्नेला? त्या मेल्याला? टाटेला लाथ घातली होती त्याने!"

"घातली होती."

"पिल्लं उपाशी मारील तो!"

"मारील."

"तू मला धमकी देतोस काय रे? लिहून देतोस धमकी?"

"हो दिदी."

ती फणकारली, म्हणाली, "आधी चहा पी, मग बघू तुझं कलम." पेला हातात दिला. मी पेला तोंडाजवळ नेला आणि घसा आवळला. चहा चादरीवर सांडला. मी भिंतीकडे सरकलो. तिने पेला उचलला नाही. माझ्याकडे बघत राहिली. टाटे पाण्यापासून मागे सरायचं तेव्हा त्याच्याकडे तशीच बघायची.

मग विचारलं, "तुला दुखतंय का बाबू?"

म्हटलं, "नाही. कसलंच काही वाटत नाही. तू खाली जा. सुई खालच्या मजल्यावर देतात."

ती गेली. अर्ध्या तासाने परत आली, बाही वर केलेली. कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "वाच. माझा नाही विश्वास त्या सुईवाल्या पोरीवर." मी वाचला. आजची तारीख, शिक्का, सही. पुढच्या दोन तारखा लिहिलेल्या, आजपासून तिसरा दिवस आणि सातवा दिवस.

अट मात्र पुरी झालेली नाही. सेती आणि पिल्लं तोवर डॉक्टरांकडे राहतील. पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांनाही टोचावं, मगच दुकानात न्यावं. सातव्या दिवशी शिक्का बघायला मी नसेन. डॉक्टर निर्जला यांनी बघावा, कागद हातात घेऊन, वहीत लिहून.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. उजव्या हाताने सही केली आहे.

दिलबीर घर्ती

साक्षीदार पहिली : निर्जला तुलाधर, जनावरांच्या डॉक्टर, भक्तपूर. सही.

साक्षीदार दुसरी : हेरामाया सुवाल, चहाचं दुकान, भक्तपूर. उजवा अंगठा. डाव्या दंडाला सुई झाल्यामुळे तो हात ती उचलत नाही.

ठिकाण : काठमांडू, रुग्णालयाची एकट्याची खोली
विक्रम संवत २०७९, माघ ९
दिदीच्या सुयांचा पहिला दिवस