चाकामागची वीट

मंगळवार, संध्याकाळ

जुन्या गाडीचा हँडब्रेक महिनाभरापासून धरतच नाही, म्हणून दिघीच्या आमच्या उतारावर मी चाकामागे वीट लावतो. घरी बोललो नाही. का? चाकणला कंपनीत ब्रेकच तपासतो, लाज वाटली.

आज अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ती वीट उचलली. त्यांचा सगळा जन्म कारखान्यात गेला, वाटेत काही पडलेलं त्यांना खपत नाही. त्यात घाईत मी गिअरही टाकला नव्हता. डबा काढायला आत वाकलो आणि गाडी सरकली. हातानंच ब्रेकचं पेडल दाबून धरलं. मागे उभ्या अण्णांच्या गुडघ्यापासून गाडी वीतभरावर थांबली.

ते ओरडलेही नाहीत. वीट परत लावली, वर खडूनं लिहिलं, 'हलवू नये'.

"एवढं तरी सांगायचंस, राजा."