खालचा उजवा कोपरा

१२ डिसेंबर
'मचाण'चा नवा अंक लागला आज. वाचनालयाच्या बाहेर, काचेच्या पेटीत. आठवडाभर बसून सगळा मीच लिहिला, काळ्या शाईनं. मान आखडली. मधोमध माझा अग्रलेख, बरोबर डोळ्यासमोर येईल असा. रोशनीचं सदर खाली उजव्या कोपऱ्यात.
मग शेजारची नोटीस वाचायचं सोंग घेऊन उभी राह्यली. भित्तिपत्राचं हेच वाईट. कोण कुठी थांबते ते दिसते. सगळे माझ्या लेखापुढून सरकले अन् कोपऱ्यात जमले. हसून राह्यले होते. अक्षर माझं, हसू तिच्यासाठी.

१३ डिसें.
रोशनी, म्हणजे रो., माझी रूममेट. नागभीडकडच्या खेड्यातली, बाबा तलावात जाळं टाकतात. आम्ही सिंदेवाहीचे, धानवाले. शाळेपासून निबंधात पहिला नंबर माझा, कधी चुकला नाई. ती लिहिते कशी, तर घरी बोलते तशी. मले-तुले, काऊन-कुठी. अन् लोकांले तेच पाह्यजे.
(इथी मीही तसंच लिहून राह्यली. पण हे कोणाले दाखवायचं नाई.)
पुढच्या वर्षी 'मचाण'चा संपादक कोण, ते आमचे मराठीचे सर मार्चमध्ये ठरवणार. दोन वर्षांपासून त्याच आशेवर शाई सांडून राह्यली. नाई झाली तर काय, याचा विचारच नको.

२ जानेवारी
नवा अंक. रो.चं सदर अगदी तळाशी टाकलं, पाय लागतील तिथी.
तिनं पाह्यलं. "वर जागा नोती का व?"
मी म्हटलं, "ले-आउट."

३ जाने.
उकिडवे बसून वाचतात. इतिहासाच्या मॅडमसुद्धा साडी सावरून खाली बसल्या. माझा लेख त्यांच्या डोक्यावर, एकटा.

१९ जाने.
यावेळी तिचं सदर सगळ्यात वर, पेटीच्या टोकाले. म्हटलं, घ्या आता.
कबड्डीतला एक ताडमाड पोरगा मोठ्यानं वाचून दाखवत होता, बाकीचे खाली उभे राहून ऐकत होते. आधी निदान एकेक जण वाचत होता, आता सभाच. आमचे शिपाई मडावी भाऊ म्हणाले, "पुढच्या खेपेले स्टूल आणून ठेवतो बाई." मले हसू आलं अन् रडूही.
रो. रात्री शांत झोपते, हे वेगळंच.

४ फेब्रुवारी
नाल्याजवळ वाघ दिसला म्हणे. लगेच नोटीस: मुलींनी पाचच्या आत होस्टेलवर यावं. वाचनालय मात्र आठपर्यंत उघडं, पोरांसाठी. माझा नेट परीक्षेचा अभ्यास तिथंच होतो, खोलीत पंखा अन् गप्पा दोन्ही कानाशी. संतापानं अग्रलेख लिहिला. मथळा: 'सुरक्षितता आणि शिक्षण यांचा समतोल'.
रो.नं तिचा कागद दिला, उतरवायले. "वाघाले नोटीस वाचता येत नाई, पोरींले येते. म्हणून नोटीस पोरींले. पोरगे काय वाघाचे सोयरे हायेत?"
लिहिता लिहिता कान तापले. नोटीस तर मी पण तीच वाचली होती. मले काऊन नाई सुचलं?
जागा बदलायचा कंटाळा आला. जुनाच कोपरा दिला.

९ फेब्रु.
पेटीपुढे हालायले जागा नाई. कोणीतरी फोटो काढला, तो पार अहेरीपर्यंत फिरला. आईचा फोन.
"तुह्या रूममेटचं आलं व मोबाईलवर. तुह्यं काऊन नाई आलं?"
"आई, ते अक्षर माझं हाय."
"अक्षर कोण पायते?"
नंतर जेवलीच नाई.

११ फेब्रु.
मोठ्या ऑफिसात बोलावलं. वाघाची नोटीस ज्यांनी काढली तेच साहेब. गोड बोलले, चहा दिला. तेवढं रोशनीचं सदर काढून टाका, बाकी अंक राहू द्या. "तुम्ही समजदार दिसता. संपादकपद तुमच्यासारख्याकडेच हवं. सरांशी मी बोलतो."
पेटीची चावी माझ्याकडे. जुनी रीत हाय. 'मचाण' सुरू झालं तेव्हा छपाईले पैसे नव्हते, म्हणून पोरांनी हातानं लिहून भिंतीले लावलं, अन् ठरवलं की ज्याचं अक्षर त्याच्याकडे चावी. सर दर वर्षी नव्या पोरांले हे सांगतात. अन् सांगतात की लावलेला कागद पुढचा अंक येईपर्यंत आजवर कोणी काढला नाई.

१२ फेब्रु.
काढला. सकाळी, कोणी यायच्या आत, ब्लेडनं. खोलीवर येऊन फाडला.
हुकूम ऑफिसचा होता. पण खोटं कशाले लिहू, बरं वाटलं.

१३ फेब्रु.
रिकाम्या कोपऱ्यापुढे सदर होतं तेव्हापेक्षा जास्त गर्दी. तिथी काय होतं ते एकमेकांले सांगून राह्यले, चुकीचं सांगून राह्यले, वर स्वतःचं जोडून राह्यले. तिच्या कोऱ्या भिंतीलेही वाचक हायेत. माझा अग्रलेख शेजारीच, शाबूत.
संध्याकाळी रो.नं विचारलं, "तो कागद हाय का तुह्यापाशी?"
"फाडला."
"माह्यापाशी कच्चं नाई. होतं ते तुलेच देल्लं होतं." मग दिवा लावता लावता, "अक्षर मस्त आलं होतं व तुह्यं."
ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ फेब्रु.
सर व्हरांड्यात भेटले. "चावी तुझ्याकडेच असते ना, प्रणाली?" एवढंच बोलून वर्गात गेले.
दुपारी ऑफिसातून निरोप. संपादकपदाचं पत्र तयार हाय, उद्या पाचच्या आत येऊन घ्या.

१५ फेब्रु.
पोरी नोटिशीप्रमाणे परत येऊन राह्यल्या, पुस्तकं छातीशी धरून. खिडकीतून पाह्यलं. मग वाटलं, रो.चं मले कितपत आठवते पाहू. कोरा कागद घेतला. सगळं पाठ. एक शब्द अडला नाई. माझा अग्रलेख आठवून पाह्यला, पहिल्या वाक्यापुढे गाडी गेली नाई. असा राग आला.
रागातच पूर्ण उतरवलं, त्याच मापात. त्या कोपऱ्यात बरोबर बसेल. मग वाचून पाह्यलं तर शेवटी एक वाक्य जास्तीचं. 'आमची संध्याकाळ वाघानं नाई नेली.' हे तिच्यात नव्हतं. हे माझं हाय. अन् चांगलं हाय. दोन वर्षांत असं एक वाक्य आलं नव्हतं, अन् आलं ते तिच्या लेखात.
खाली नावाची जागा सोडली. तिचं टाकलं तर माझं वाक्य तिचं होते. माझं टाकायची सोय नाई, ती चोरी. वाक्य खोडलं तर… खोडवत नाई. अन् कोणाच्याही नावानं हे पेटीत लागलं की ऑफिसातलं पत्र गेलंच.
पाच वाजायले थोडंच राह्यलं. चप्पल घातलेली हाय. चावी हातात हाय.
आत्ताच रो. आली. दारातूनच म्हणते, "काय लिहून राह्यली व?"
कागद झाकला नाई.