दोरी बादलच्या हातात

१४ सप्टेंबर, रविवार

आला एकदाचा! वाशीमच्या स्टँडवर खोकं उतरवून घेतलं. मोटारसायकल मी चालवली, मागे माझा दोस्त बादल खोकं लेकरासारखं मांडीवर घेऊन. इंझोरीपर्यंत दर खड्ड्याला मला शिव्या!

आई म्हणाली, "हे काय आनलं रे?" म्हटलं, रेग्युलेटर. "ग्यासचा तर हाय ना आपल्या घरी!" मग समजावलं, सिलिंडरमधली हवा फार जोराची असते, थेट तोंडात घेता येत नाही. हा तिला आवरतो आणि पाण्याखाली श्वासापुरतीच सोडतो. "म्हंजे तुहा जीव याच्यात," ती म्हणाली. बरोबर बोलली.

पुण्याचा दुकानदार हलका, चकचकीत गळ्यात मारत होता. समुद्रात चालत असेल. आमच्या धरणात काळा गाळ, स्वतःचा हात दिसत नाही. आतल्या स्प्रिंगपर्यंत बाहेरचं पाणी पोचतच नाही असा बंद बनावटीचा घेतला. जड आहे, असू दे. शिवाय पुण्यातच दुरुस्त होतो.

बचाव पथकात पाणबुड्याचं शिक्षण माझंच झालेलं, म्हणून प्रमुख मारोतरावांनी सांभाळायलाही माझ्याकडेच दिला. पेटीची एक किल्ली मला, एक बादलला. दुसऱ्या कोणाला देणार? मी खाली असतो तेव्हा माझी दोरी त्याच्या हातात असते.

२१ सप्टेंबर

आमच्याच विहिरीत सराव. श्वास असा मऊ येतो की खाली बसून राहावंसं वाटलं!

वर आल्यावर बादलला सगळं दाखवलं. सिलिंडरला जोडायच्या तोंडावर आधी टोपण — पुसून, कोरडं करून. मगच गोड्या पाण्यात बुडवायचा. बुडवलेला असताना मधलं बटण दाबायचं नाही, पाणी उलटं आत शिरतं. सावलीत वाळवायचा, नळी मुडपू द्यायची नाही. "नवरीचे येवढे लाड नाही करत कोनी," बादल म्हणाला. पण टोपण त्यानेच फुंकून, पुसून लावलं.

२ ऑक्टोबर, दसरा

पथकाच्या सामानाची पूजा आमच्या अंगणात. दोर, गळ, जॅकेटं, सिलिंडर, आणि मधोमध पाटावर रेग्युलेटर साहेब! आई ताट घेऊन आली. मी आधीच तोंडात धरायच्या रबरावर रुमाल गुंडाळून ठेवला होता. म्हटलं, आई, इथं बोट लावायचं नाही, हे माझ्या तोंडात जातं. ती टोपणाकडे बघून म्हणाली, "देवाले टोपी घालून पुजतात काय रे?" सगळे हसले. मग टोपण सैल करून बाजूला केलं. ती मनापासून पूजा करत होती, मी रुमाल धरून पहाऱ्याला. नंतर टोपण लावलं, पेटी बंद केली, सोनं वाटायला गेलो.

बादल म्हणे, "खाली गेल्यावर हात जोडता येत नाहीत, इथंच जोडून घे."

९ ऑक्टोबर

धरणात माणूस बुडाला. कामरगावकडचा, म्हशीमागे उतरला होता. सकाळी फोन. निघताना जोडून दोन श्वास घेऊन पाहिले, ठीक होतं.

खाली गेलो, आणि श्वास येईना. येत होता, पण ओढून ओढून. जितका खोल जाईन तितका कमी. छाती फुटेल असं वाटलं. दोरीला हिसका दिला. बादलने वर घेतलं.

पुन्हा उतरता आलं नाही. त्या माणसाची आई काठावर बसून होती. मला म्हणाली, "तुमच्यापाशी मशीन व्हतं ना बाप्पा?"

१० ऑक्टोबर

तो आज आपोआप वर आला. बाया रडत होत्या. मी लांब उभा राहिलो.

घरी येऊन टोपण काढलं. आतली बारीक जाळी तांबूस-तपकिरी, बुजलेली. प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं — जाळी लालसर दिसली की समजा सिलिंडरला आतून गंज. पण आपलं सिलिंडर नवं! तपासलं, आतून लख्ख आहे. मग हा कोणत्या सिलिंडरला लावला होता? कोणी लावला?

११ ऑक्टोबर

कामरगावला गोपीचंदकडे गेलो. हा विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढून देतो. त्याचं सिलिंडर म्हणजे भंगार, हात लावला की हाताला गंज लागतो. सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "बादल ना? आल्ता की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मोटर काढून राह्यलो व्हतो, दोर धरला त्यानं."

मला एका शब्दाने बोलला नाही! किल्ली त्याच्याकडे आहे. अजून काय पाहिजे?

दहा वर्षांची दोस्ती आणि माझा श्वास नेऊन गोपीचंदच्या डबड्याला लावला. जेवण गेलं नाही. आईने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

मारोतरावांच्या ओसरीवर पथक बसलं. मी सगळं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. बादल म्हणाला, "मी गेल्तो, पन दोर धराले गेल्तो. पेटीले हात नाही लावला. तू मले असा म्हनून राह्यला, पज्या?"

मारोतराव संतापलेले. म्हणाले, "ज्याच्या हातून झालं तो पथकातून बाहेर. पान्यात नाही, काठावरही नाही. मंग तो कोनी असो."

बादलने रेग्युलेटर मागून घेतला. टोपण काढलं. उजेडाकडे धरून आत पाहिलं, बराच वेळ. वास घेतला. टोपण परत लावलं. माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माह्याच हातून झालं. लिवून घ्या."

कबूल! आधी साळसूदपणे नाही म्हणायचं आणि पुरावा हातात आला की कबूल. नाही म्हणत राहिला असता तर कदाचित मी विरघळलो असतो. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. गरम होती, मुठीत धरलेली.

१३ ऑक्टोबर

ज्याच्या हातात दोरी देऊन मी डोळे मिटून खाली जायचो, तो हा!

१६ ऑक्टोबर

रेग्युलेटर पुण्याला पाठवला, उघडून साफ करायला. टोपण लावून, नळी गोल करून, कापडात गुंडाळून. बादल असता तर लाडावरून काहीतरी बोलला असता. बरंच झालं नाही ते.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. फराळ घेऊन तो आला नाही. आई दोनदा दाराकडे पाहून आली. "बादल काहून नाही आला रे?" म्हटलं, विचारू नको.

२५ ऑक्टोबर

बादलच्या तांड्यावरून ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या. यंदा बादलही चालला. पथकात आल्यापासून गेला नव्हता. रस्त्यावर समोरासमोरच आलो. मी मान वळवणार, तर हा गाडीतून वाकून म्हणतो, "पज्या, टोपन लावाच्या आंधी आत पायत जाय."

मला शिकवतो! चोर तो चोर, वर शिरजोर. असं तोंडावर आलं होतं, पण त्याची आई हिरीबाई शेजारी बसली होती. गिळलं. गाडी गेली तरी अंगाची लाही होत होती.

२९ ऑक्टोबर

मारोतराव म्हणतात, दोरीला नवा माणूस बघ. दोघांना विहिरीवर घेऊन गेलो. दोघेही चांगले. मी पहिल्या पायरीवरूनच परत आलो. खाली जाववलं नाही.

३ नोव्हेंबर

पुण्याच्या मिस्त्रीचा फोन. हसत होता.

"गंज नाही हो साहेब. हळदकुंकू आहे, तेलात कालवलेलं. जाळीवर तांदळाचा दाणापण चिकटलाय. पूजा केली होती का?"

बादलने उजेडाकडे धरून आत पाहिलं होतं. वास घेतला होता. त्या ओसरीवर, सगळ्यांसमोर, त्याला तेव्हाच कळलं होतं की टोपण कोणी लावलं.

फोन लावतोय. उचलत नाही.