अण्णासाहेबांच्या दारातले बोंबील

ता. ३ डिसेंबर १९३४
पहिली सभा! कोळीवाड्याचा पहिला मेंबर म्हणून गावच्या बोर्डाच्या खुर्चीत बसलो. एक पाय लंगडा, पण खुर्ची ती खुर्ची. आम्ही नऊ जण. अध्यक्ष अण्णासाहेबांच्या बाजूचे पाच (त्यांत मी), इस्माइलशेटच्या बाजूचे चार. अ.सां.च्या हातची सुपारी निवडणुकीआधी चारचौघांत घेतली आहे, म्हणजे शब्द बांधला, तेव्हा मत त्यांना. बदल्यात कोळीवाड्याला धक्का बांधून मिळणार. आज काम एवढंच की शेट बोलले की आम्ही 'नाही' म्हणायचं, आम्ही बोललो की त्यांनी. गंमत वाटली.

ता. ८
नवा कर पास, पाच विरुद्ध चार. कागद वाचायला मागितला होता. अ.सा. म्हणाले, "धर्मा, ठराव घरचाच आहे. हात वर कर." केला. बाहेर शेट म्हणाले, "मुबारक हो धर्मा. आता घरी जाऊन वाच."
वाचला. बोंबील सुकवायच्या वलांडीवर कर, दर खांबामागे! खांब रोवून दोर ताणल्याशिवाय बोंबील सुकतो कुठे? सातवी फायनल पास झालेला गाढव मी. आईला सांगायचं धाडस झालं नाही.

ता. ९
सांगावं लागलंच नाही. सकाळीच दवंडी. आई टोपली घेऊन दारातच थांबली.
"हात कुनी वर केला?"
"मी."
"आरं, मंग बोंबील तुज्या डोस्क्यावर सुकवू?"
जेवायला वाढलं, पण त्यानंतर एक शब्द नाही.

ता. १४
कर अजून गोळा व्हायचाय, खर्च मात्र झाला! दिघीहून होडीतून कंदिलाचे खांब आले, आठ. आठही अ.सां.च्या आळीत, त्यांच्या दारापासून थेट बोर्डाच्या कचेरीपर्यंत.
विचारलं, धक्का?
"पुढच्या साली. आधी उजेड."
आळीत घरं चार. मोठाच उजेड पाडला म्हणायचा! संताप संताप झाला. पण ती सुपारी आडवी येते.

ता. १६
काय दिवस! बायकांनी भर दुपारी किनाऱ्यावरचा एकूण एक खांब उपटला. आई सगळ्यांत पुढे. बोर्डाचा शिपाई वही घेऊन आला, तर मोजायला नुसती भोकं. पण पाट्या ओल्या मालानं भरलेल्या, उद्या कुजायला लागतील.
"सुकवणार कुठं?" मी.
आई आठवड्यानं बोलली. "गावात खांब हायेत की आठ. त्यांना न्हाय ना कर?"

ता. १७
आठही खांबांना दोर! अ.सां.च्या दारापासून कचेरीपर्यंत बोंबीलच बोंबील!! अ.सा. नाकाला धोतराचा सोगा लावून पडवीत उभे. शिपायाला म्हणाले, काढ. तो म्हणाला, साहेब, कुठल्या कलमाखाली? मी पोट धरधरून हसलो. शेटच्या चौघांनी सही करून उद्याची खास सभा मागितली: कर रद्द करा. म्हणजे सगळं पाचव्या हातावर. माझ्या.

ता. १८
सकाळी शेवटचा दोर उरला आणि खांब संपले. आईनं टोक माझ्या हातात दिलं. "धर वाईच." मी आळीच्या मधोमध, डोक्यावर बोंबील. अ.सा. बाहेर आले.
"धर्मा, सोड ते. तीनला सभा आहे, हात वर करायचाय."
"हात गुंतलाय, अण्णासाहेब." कसं बोललो देव जाणे! बायका खदखदून हसल्या. अ.सा. हसले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "सुपारी विसरू नकोस."
विसरलो नाही. आता दोन वाजलेत. सुपारी डब्यातून काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आहे. चारचौघांत घेतलेली, परत करायची तर चारचौघांतच. कोळीवाड्यात आजवर कुणी केली नाही.
माझ्या जागी आई दोर धरून उभी आहे. म्हणाली, "जा. तू येस्तवर मी हाय."