बिनविजेच्या दोन पोळ्या

लश्कर, ग्वाल्हेर
२१ मे

चि. सौ. विमल हिस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, इथल्या उन्हापेक्षा थोडे कमी तापलेले. तुझा गुडघा काय म्हणतो? विश्वासरावांच्या डोळ्याची पट्टी निघाली का, आणि निघाल्यावर त्यांना घरातला पसारा दिसू लागला का? दोघांना जप. मी उत्तम आहे. (हे वाक्य नीट वाचून ठेव, कारण पुढे अधूनमधून तुला तसं वाटणार नाही.) फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तर अपूर्वने पुढच्या खोलीत एक बोलणारी डबी बसवून दिली आहे. माझ्यावर लक्ष ठेवायला नाही, सोबतीला, असं तो म्हणतो. पण मी फोनवर कुणाशी बोलले की ती मधेच 'माफ़ कीजिए, मैं समझी नहीं' म्हणते. आता तुला सांगायचं ते तिने समजून घ्यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

फेब्रुवारीतलं तुला माहीत आहेच. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस सुरूच राहिला, समोरच्या शिखाला वास आला. दुसऱ्यांदा मी कुकर चढवून पाटणकर बाजारात कैऱ्या आणायला गेले. (कैऱ्या छान निघाल्या. कुकर गेला.) दोन चुका, चाळीस वर्षांच्या स्वयंपाकात! पण अपूर्व बंगलोरहून धावत आला, सिलेंडर उचलून दिला, ओट्यावर विजेची शेगडी मांडली आणि शिखाकडे माझा डबा लावला. तिसरी चूक झाली तर सरळ बंगलोरला न्यायचं, असंही ठरवून गेला. तिथे तेराव्या मजल्यावर मी काय करू गं? खाली बघितलं की चक्कर येते आणि शेजारीपाजारी कोण राहतं ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. इथे निदान भाजीवाला मला नावाने हाक मारतो.

आता डबा येतो सकाळी अकराला. चार पोळ्या, त्यातल्या दोन रात्रीसाठी. शिखाचा हात चांगला आहे, पण मे महिन्यात संध्याकाळपर्यंत त्या पोळीची चप्पल होते. गरम करायला हवी. आणि इथेच सगळं लचांड सुरू होतं, कारण अपूर्वची नोकरी वीज वाचवण्याच्या कंपनीत. त्याने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बटणाला एकेक ठोकळा लावला आहे. मी इथे काही चालू केलं की तिथे त्याच्या मोबाइलवर रेघ वर जाते. पहिल्याच दिवशी तव्यावर एकेक पोळी शेकली, मधे लोणच्याची बरणी शोधली, तोवर फोन. आई, दोन पोळ्यांना अठरा मिनिटं? विसरलीस ना? नाही रे बाबा, म्हटलं, बरणी शोधत होते. त्याला ते पटलं नाही, हे त्याच्या आवाजावरून कळलं. मग त्याने शिकवणी घेतली. पोळ्या एकावर एक ठेव, ओल्या फडक्यात गुंडाळ, तव्यावर झाकण घाल, तवा तापला की शेगडी बंद कर, उरलेल्या धगीत काम होतं. अगं, हे तर आपली आई करायची! पण आईने त्यावर कंपनी काढली नव्हती.

त्या दिवसापासून मला त्या रेघेची धास्तीच बसली. म्हणून ठरवलं, रेघ जितकी खाली तितकी मी शहाणी. वरण गरम करताना पातेल्यावरच्या ताटलीत पोळी ठेवली, एका आचेत दोन कामं. ताटली कलली, पोळी वरणात. (मी तिला वरणफळं म्हटलं आणि खाल्लं.) मग पोळी मलमलीत घालून वरून इस्त्री फिरवली. पोळी काय सुरेख झाली म्हणून सांगू, कडा थेट धोतरासारख्या! पण ओट्यावरच्या बटणातून इस्त्री लावलेली, तेव्हा लगेच फोन. संध्याकाळी इस्त्री? कुठे निघालीस? माझ्या तोंडून निघून गेलं, फूलबागेत हळदीकुंकू आहे. तर त्याला फोटो हवा. मेल्या, एवढा संशय! शेवटी शिखाची रेशमी साडी नेसून, घामाने निथळत, तिच्या दारातल्या कुंडीशेजारी उभी राहिले. फूलबागेतली झाडं छोटी झालीत का, असं त्याने विचारलं.

मग मला आपलं ऊन आठवलं. शेचाळीस डिग्री, फुकट, आणि त्याला ठोकळा लावता येत नाही! स्टीलच्या डब्यात दोन पोळ्या, वर ओलं फडकं, डबा माझ्या काळ्या परकरात गुंडाळायचा आणि चारला गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ठेवायचा. साडेसहाला उघडला तर वाफ! मऊ, लुसलुशीत, जणू तव्यावरून आत्ता उतरली. विमल, मला इतका आनंद झाला की तिथेच उभ्या उभ्या अर्धी खाल्ली. वरणही तसंच ठेवू लागले. पहिल्या दिवशी रेघ सपाट. दुसऱ्या दिवशी सपाट. अपूर्व विचारतो, जेवलीस का? जेवले. गरम? एकदम गरम. कशावर केलंस? आता गच्चीवर उन्हात जायचं नाही, अशी त्याची ताकीद, म्हणून मी म्हटलं, ते माझं मी बघते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे परवा, मी गच्चीवर माकडांवर लक्ष ठेवून बसले होते. (जुन्या गोरखी वाड्याकडून टोळी येते हल्ली, डबे उघडायला शिकली आहेत.) फोन खाली राहिला. इकडे अपूर्वने सहा वेळा फोन लावला. तीन दिवस चूल नाही आणि आता आई फोन उचलत नाही. जे समजायचं ते तो समजला. खालच्या दौलतसिंहांना कळवलं, त्यांनी कुलूपवाल्या मोहितला धरून आणलं, आणि मी परकरात गुंडाळलेला डबा पोटाशी धरून जिना उतरते तो काय, माझ्या दाराचं, ओढलं की आपोआप लागणारं कुलूप उखडून जमिनीवर! आत दौलतसिंह पलंगाखाली वाकून बघताहेत, मोहित फ्रिज उघडून उभा, शिखा ओट्याशी हमसाहमशी रडतेय. मी म्हटलं, काय झालं, कोण गेलं? दौलतसिंहांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि फोनवर खणखणीत आवाजात कळवलं, "भैया, माताजी ज़िंदा हैं। रोटी लेकर आई हैं।" पलीकडून अपूर्व रडला गं. लहान होता तेव्हा रडायचा, अगदी तसा. मला वाईट वाटलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी त्याला फक्त एवढंच विचारलं की तू जेवलास का.

आता तो अठ्ठावीसला येतो आहे. एक तर बंगलोर, नाही तर घरात कुणीतरी सोबतीला. माझं म्हणणं साधं आहे. जी बाई विजेशिवाय पोळी गरम करते, तिला सोबतीची काय गरज? तूच सांग. असो. विश्वासरावांना नमस्कार, तुझ्या सुनेला आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
शांताताई

ता. क. अपूर्वला मी सांगून टाकलं आहे की विमल सत्तावीसला कायमची राहायला येते आहे. तुला विचारायचं राहून गेलं, ते आता विचारते. येशील का? त्याचा फोन आला तर आधी हो म्हण, मग माझ्यावर चीड.

दुसरा ता. क. विश्वासरावांनाही आण. त्यांच्या पोळ्या त्यांनी स्वतः गच्चीवर न्यायच्या.

तिसरा ता. क. हे वाचून झालं की फाडून टाक. परवा मी माकडांवर लक्ष ठेवून बसले नव्हते. डबा आणायला वर गेले आणि कशाला आले तेच आठवेना. पाऊण तास टाकीजवळ बसले, माकडं माझ्याकडे बघत होती, मी त्यांच्याकडे. डबा शेजारीच होता. परकर सरकला होता, उघड्या झाकणाला हात टेकला, चटका बसला, तेव्हा आठवलं. बोटावर फोड आहे अजून, अपूर्वला इस्त्रीची सांगितली आहे. विमल, मला भीती वाटते गं. सत्तावीसपर्यंत थांबू नकोस.