माझ्या पडण्याचं रीळ

मी पिराजी मारुती डवरी, वय एकाहत्तर, राहणार उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही. पडद्यावर जन्मभर येड्याचं काम केलं, म्हणून हे येड्यानं केलेलं मृत्युपत्र आहे असं उद्या कोर्टात कुणी म्हणू नये. मी सांगतोय, मुलगी शालन लिहितेय.

१. राहतं घर पत्नी धोंडुबाई हिला, तिच्यामागे शालनला. हिरॉइनीच्या बापाचा मार खाऊन खाऊन बांधलेलं घर आहे. विकायचं नाही.

२. तुरेवाला फेटा आणि खोट्या मिशा शेजारच्या सोमेशला. का, ते ऐका. त्र्याण्णव साली माझा सिनेमा टीव्हीवर लागला. अख्खी गल्ली आमच्या घरात. सुरुवातीच्या पाट्यांत माझं नाव आलं, पण अडीच तासांत मी काही आलो नाही! सोमेश ओरडला, "नाव हाय, माणूस न्हाय!" पुढे आणखी एक सिनेमा लागला, त्यातही तेच. माझ्या आईनं धोंडुबाईला कधी थेटरात जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे तिनंही मला पडद्यावर पाहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून नवरा सिनेमात होता हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मला ते फार लागलं.

३. गेल्या महिन्यात गडहिंग्लजची रत्नव्वा एसटीनं पत्र्याचा डबा घेऊन दारात हजर! तिचा नवरा अण्णाप्पा जत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवायचा. ती मला म्हणाली, "अण्णा, तुम्ही पडलासा की लोक वन्स मोअर म्हणून तंबू डोक्यावर घ्यायचे. म्हणून मालकांनी तुमचं तेवढं कापून येगळं ठेवलं, मध्यंतरात दाखवायला. परत जोडायचं राहिलंच की." आणि टीव्हीवाल्यांना दोन्ही सिनेमांच्या मिळाल्या त्या नेमक्या अण्णाप्पाच्या प्रती! अहो, नको म्हणून नव्हे, जास्त हवा म्हणून कापला गेलो मी! आनंदानं मी त्या बाईच्या पाया पडलो.

जाणकार म्हणाले, डब्यातल्या रिळाची पट्टी वाळलीय, चालवू नका, आधी नक्कल काढा. मी म्हटलं, आधी गल्ली बघंल. परवा शनिवारी देवळामागे चादर बांधून लावलं. पोतं घेऊन मी शिडीवरून थेट म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात! काय हसले लोक! धोंडुबाई तर पदर तोंडात कोंबून हसत होती. "वन्स मोअर!" सगळ्यात मोठ्यानं सोमेश. मशीनवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "लाव की मर्दा!"

दुसऱ्यांदा मी पडद्यावर शिडी चढलो आणि पट्टीचा चुरा झाला. मग चादर बांधायला आणलेली शिडी मी स्वतः चढलो आणि राहिलेलं पडून दाखवलं.

सबब आधी ठरवलेलं रिळाच्या वाटणीचं कलम रद्द. चार बोटं तुकडा उरलाय, तो शालनला. सासरी दाखव गं.

४. माझ्यामागे मला कुणी बिचारा म्हणू नये. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "या वयात शिडीवर कशाला चढलात?" माझ्याआधी धोंडुबाईच बोलली, "अवो, ते शिनेमातलं हाईत. पडणं हेच त्यांचं काम हाय!" बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनासुद्धा ऐकू गेलं.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यानं सहीऐवजी डावा अंगठा.

साक्षीदार:
१. रत्नव्वा अण्णाप्पा हत्ती, गडहिंग्लज
२. डॉ. निशा चौगुले, कोल्हापूर (हाड मीच बसवलं. आजोबा पूर्ण शुद्धीत आहेत, पुन्हा पडून दाखवू का म्हणतात.)

कोल्हापूर, ता. ९ फेब्रुवारी २००४